काढलेले आतडे आणि उरलेला धोका

मोठ्या आतड्याचा कर्करोग हा केवळ शस्त्रक्रियेनेही पूर्ण बरा होऊ शकणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि नेमक्या याच कारणामुळे शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न अवघड होऊन बसतो. रोग यकृतात किंवा फुप्फुसांत पसरलेला नसेल, तर आतड्याचा बाधित भाग, त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आणि त्या वाहिन्यांच्या कडेने असलेल्या लसिकाग्रंथी एकसंध काढून टाकल्यावर शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने पोटात काही उरलेले नसते आणि सीटी स्कॅनही स्वच्छ येतो. तरीही अशा रुग्णांपैकी काहींना वर्षा-दोन वर्षांत यकृतात, फुप्फुसात, पोटाच्या आतल्या अस्तरावर किंवा शस्त्रक्रियेच्याच जागी पुन्हा गाठ आढळते. ती नव्याने झालेली नसते. शस्त्रक्रियेच्या आधीच काही पेशी मूळ गाठीतून सुटून अन्यत्र जाऊन बसलेल्या असतात आणि कोणत्याही प्रतिमा-तपासणीत दिसणार नाहीत इतक्या त्या थोड्या असतात. रोग उलटण्याचा धोका वर्तवणे म्हणजे या न दिसणाऱ्या पेशी कोणत्या रुग्णात असतील याचा अदमास घेणे होय, आणि गेल्या नव्वद वर्षांतील या शास्त्राचा प्रवास काढून टाकलेल्या आतड्याच्या परीक्षणाकडून शरीरात उरलेल्या पेशींच्या शोधाकडे झाला आहे, असे या विषयाचा मागोवा घेताना दिसून येते.

या अदमासाला व्यवहारात मोल आहे ते त्यावर एक निर्णय अवलंबून असल्यामुळे. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी मारण्यासाठी जी केमोथेरपी देतात तिला पूरक केमोथेरपी म्हणतात. ज्याच्या शरीरात पेशी उरलेल्याच नाहीत त्याला ती दिल्यास त्याच्या वाट्याला केवळ तिचे दुष्परिणाम येतात, आणि ज्याच्या शरीरात त्या आहेत त्याला न दिल्यास बरे होण्याची संधी हातची जाते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे त्या एका वर्षातील नवे रुग्ण सुमारे १९ लाख होते, त्यामुळे अंदाजातील थोडीशी चूकही अनेकांना भोवते.

पद्धतशीर अंदाजाची सुरुवात लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात झाली. तेथील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन वर्ग पाडले : रोग आतड्याच्या भिंतीतच असेल तर ‘ए’, भिंत ओलांडून बाहेर आला पण लसिकाग्रंथींत गेला नसेल तर ‘बी’ आणि लसिकाग्रंथींत पोचला असेल तर ‘सी’. लसिकाग्रंथी म्हणजे ऊतींमधून झिरपणारा लसिका हा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी असून रुग्णालयांत त्यांना सर्रास ‘नोड’ म्हटले जाते. रोग किती खोल गेला आणि नोडपर्यंत पोचला की नाही, या दोनच प्रश्नांवर उभे असलेले हे वर्गीकरण इतके सोयीचे ठरले की ते पुढे मोठ्या आतड्यालाही लावले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास पियेर देन्वा या फ्रेंच शल्यचिकित्सकाने टीएनएम पद्धत मांडली आणि ड्यूक्सच्या कल्पनेला तिच्यात अधिक बारीक रूप मिळाले. तिच्यातील ‘टी’ गाठीची खोली सांगतो, ‘एन’ बाधित नोडांची संख्या सांगतो आणि ‘एम’ दूरच्या अवयवांतील प्रसार सांगतो. नोड स्वच्छ असतील तर खोलीनुसार पहिली किंवा दुसरी अवस्था, नोड बाधित असतील तर तिसरी आणि दूरवर प्रसार असेल तर चौथी, ही आज रुग्णाच्या घरच्यांनाही तोंडपाठ झालेली वाटणी याच पद्धतीतून आली.

या साऱ्या अक्षर-आकड्यांमागे जे काम असते त्याची दखल फारशी घेतली जात नाही, म्हणून त्याचे वर्णन येथे थोडे विस्ताराने करणे योग्य ठरेल. काढलेले आतडे फॉर्मलिनमध्ये मुरल्यावर कापणीच्या टेबलावर येते. त्याची लांबी मोजली जाते, गाठ कोणत्याही टोकापासून किती अंतरावर आहे हे टिपले जाते, आणि गाठीचे काप असे घेतले जातात की तिने भिंतीचा कोणता थर ओलांडला हे सूक्ष्मदर्शकाखाली कळावे. त्यानंतर सर्वांत कंटाळवाणे काम सुरू होते, ते म्हणजे आतड्याला लागून असलेल्या पिवळ्या चरबीतून नोड शोधण्याचे. नोड कधी वालाच्या दाण्याएवढा असतो, कधी दोन-तीन मिलिमीटरचा, आणि चरबीत तो डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागतो. चरबीचे पातळ काप करीत, प्रत्येक काप चिमटीत दाबून पाहत हे काम करावे लागते. किमान १२ नोड तपासले जावेत हा सर्वमान्य दंडक आहे, आणि त्यामागील तर्क सरळ आहे : चारच नोड सापडले आणि चारही स्वच्छ निघाले, तर रोग नोडांत नव्हता असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण बाधित नोड न सापडता चरबीतच राहून गेलेला असू शकतो. असा रुग्ण कागदावर दुसऱ्या अवस्थेचा ठरतो, प्रत्यक्षात तिसऱ्या अवस्थेचा असतो आणि त्याला हवी असलेली केमोथेरपी मिळत नाही. पुढे कितीही महागडी जनुकीय चाचणी केली तरी टेबलावर झालेली ही कसर भरून निघणे कठीण असते.

अर्थात नोड सापडण्यासाठी ते आधी काढले जावे लागतात. जर्मनीतील एर्लांगेन येथील वेर्नर होहेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आतड्यासह त्याचे आवरण न फाडता, मुख्य रक्तवाहिनीच्या मुळाशी जाऊन सर्व चरबी एकसंध काढण्याच्या पद्धतीचे फलित प्रसिद्ध केले. ही पद्धत रूढ झाल्यावर त्यांच्याकडील पाच वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव, म्हणजे रोग त्याच जागी उलटणे, ६.५ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला होता. दोन कालखंडांची ही तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, हे लक्षात ठेवूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. धोका हा गाठीचा गुणधर्म मानला जातो, पण त्याचा काही भाग शस्त्रक्रिया करणाऱ्या हातातही असतो आणि तो अंदाजाच्या कोणत्याच सूत्रात येत नाही.

अवस्थेवरून केलेला अंदाज किती खरा ठरतो? अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग नोंदणीतील १९९१ ते २००० या काळातील सुमारे १ लाख १९ हजार रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या अवस्थेतील पाच वर्षांची जीवितता ९३.२ टक्के आणि चौथ्या अवस्थेतील ८.१ टक्के आढळली, म्हणजे दोन टोकांना अवस्थेचे वर्गीकरण चोख काम करते. मधल्या पट्ट्यात मात्र ते गोंधळते. दुसऱ्या अवस्थेचा ‘बी’ हा पोटविभाग, म्हणजे भिंत पूर्ण भेदून पृष्ठभागावर आलेली किंवा शेजारच्या अवयवाला चिकटलेली पण नोडमुक्त गाठ. तिची जीवितता ७२.२ टक्के भरली. तिसऱ्या अवस्थेच्या ‘ए’ पोटविभागात नोड बाधित असतात पण गाठ उथळ असते. त्याची जीवितता ८३.४ टक्के निघाली. तिसरी अवस्था दुसरीपेक्षा बरी, हा उलटा क्रम काही अंशी उपचारांमुळे येतो, कारण तिसऱ्या अवस्थेत केमोथेरपी सहसा दिली जाते आणि दुसरीत ती अनेकदा टाळली जाते, तर काही अंशी तो अपुऱ्या नोड-तपासणीमुळेही येत असावा. पण गाठीने भिंत भेदून पोटाच्या पोकळीपर्यंत पोचणे हा स्वतंत्र आणि गंभीर धोका आहे, हेही त्यातून स्पष्ट होते.

तिसऱ्या अवस्थेतील उपचारांचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. १९९० मध्ये चार्ल्स मोर्टेल यांच्या अमेरिकन गटाने फ्लुरोयुरासिल व लेव्हामिसोल या औषधांनी पुनरुद्भवाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले, आणि २००४ मध्ये मोझाइक चाचणीने त्यात ऑक्झालिप्लॅटिनची भर उपयुक्त ठरवली. त्या चाचणीत तीन वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ७२.९ वरून ७८.२ टक्क्यांवर गेले. त्याची किंमत होती हातापायांना येणारा बधिरपणा, जो काही रुग्णांत वर्षानुवर्षे टिकतो, सुईत दोरा ओवू देत नाही आणि शर्टाचे बटण लावू देत नाही. म्हणूनच सहा महिन्यांऐवजी तीन महिने औषध पुरेल काय, हे पाहण्यासाठी सहा चाचण्यांतील १२ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली गेली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. गाठ फार खोल नसेल आणि एक ते तीनच नोड बाधित असतील, तर एका ठरावीक औषधजोडीचे तीन महिने जवळजवळ तेवढेच काम करतात, असे त्यांत दिसले. धोक्याच्या अंदाजामुळे उपचार कमी करता आल्याचे हे चांगले उदाहरण आहे. एरवी अंदाज सुधारला की उपचार वाढवण्याकडेच वैद्यकाचा कल असतो.

खरी कोंडी दुसऱ्या अवस्थेत आहे. या अवस्थेतील बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे झालेले असतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वासार या ब्रिटिश चाचणीत ३२३९ रुग्ण होते आणि त्यांतील बहुतेक दुसऱ्या अवस्थेचे होते. केमोथेरपीमुळे जगण्याच्या प्रमाणात पडलेली भर सुमारे ३.६ टक्के, म्हणजे शंभर जणांनी औषध घ्यावे आणि त्यांतील तीन-चार जणांचा जीव वाचावा, असा तो हिशेब होता. हे तीन-चार कोण, हे आधी ओळखता आले तर उरलेल्यांची सुटका होईल, या आशेवर अंदाजशास्त्राचा मोठा भाग उभा आहे.

ओळखण्याची पहिली साधने पॅथॉलॉजी अहवालातच असतात. एकाच दिवशी दुसऱ्या अवस्थेचे निदान झालेले दोन रुग्ण कल्पावेत. पहिल्याची गाठ भिंतीबाहेर जेमतेम आलेली आहे, २२ नोड तपासले गेले आणि सर्व स्वच्छ निघाले, शस्त्रक्रिया ठरवून, सावकाश झाली. दुसरा आतडे तुंबल्याने रात्री तातडीने दाखल झाला, गाठ पृष्ठभागावर फुटलेली होती, नोड सातच मिळाले आणि सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी बारीक रक्तवाहिन्यांत व मज्जातंतूंच्या भोवती शिरलेल्या दिसल्या. अवस्थेचे नाव दोघांचे एकच आहे, परंतु दुसऱ्याला केमोथेरपी सुचवण्यास कोणताही कर्करोगतज्ज्ञ कचरणार नाही आणि पहिल्याला ती सुचवताना त्याला बराच विचार करावा लागेल.

पहिल्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक तपासणी निर्णायक ठरू शकते. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल उतरवली जाते, तीत चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी प्रथिने पेशीतच असतात. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ही दुरुस्तीव्यवस्था बंद पडलेली असते. अशा गाठींत इतके बदल साचतात की शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटू लागतात, आणि त्यामुळे दुसऱ्या अवस्थेत त्यांचे भवितव्य चांगले असते. त्यांच्यावर केवळ फ्लुरोयुरासिलचा लाभही दिसत नाही. म्हणजे एकाच तपासणीतून धोका कमी असल्याचे आणि औषध निरुपयोगी असल्याचे अशी दोन्ही उत्तरे मिळतात. शिवाय काही कुटुंबांत हा दोष वंशपरंपरेने येतो आणि त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, त्यामुळे रुग्णाच्या भावंडांना व मुलांनाही वेळीच सावध करता येते. ऊतीच्या कापावर विशिष्ट रंगप्रक्रिया करून होणारी ही तपासणी जनुकीय चाचण्यांच्या मानाने स्वस्त आहे. ती प्रत्येक रुग्णात व्हायला हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

त्यापुढील चाचण्यांबद्दल इतक्या निःशंकपणे बोलता येत नाही. गाठीतील बारा जनुकांची क्रियाशीलता मोजून गुण देणारी एक चाचणी क्वासारमधील रुग्णांच्या जतन केलेल्या ऊतींवर पडताळली गेली. कमी, मध्यम आणि अधिक गुणांच्या गटांत तीन वर्षांतील पुनरुद्भवाचा धोका अनुक्रमे १२, १८ आणि २२ टक्के आला. गट वेगळे झाले हे खरे, पण सर्वांत धोक्याच्या गटातही शंभरातील अठ्ठ्याहत्तर जणांचा रोग तीन वर्षांत उलटला नाही, आणि अधिक गुण असलेल्यांना केमोथेरपीचा अधिक फायदा होतो असेही सिद्ध झाले नाही. धोका सांगणारी खूण आणि उपचाराचा लाभ सांगणारी खूण या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाहिरातीत त्यांची सरमिसळ होते, तेव्हा वाचकाने हा भेद ध्यानात ठेवावा. फ्रान्समधील जेरोम गालों यांनी २००६ पासून विकसित केलेला मार्ग वेगळ्या दिशेने जातो. त्यात कर्कपेशींऐवजी गाठीच्या मध्यात व कडेला जमलेल्या टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांची, मोजदाद होते, आणि त्या जितक्या दाट तितका पुनरुद्भवाचा धोका कमी असे दिसते.

या सर्व पद्धती काढून टाकलेल्या ऊतीकडे पाहून शरीरात काय उरले असेल याचा तर्क करतात. उरलेल्याचा थेट माग काढण्याचा जुना प्रयत्न म्हणजे १९६५ मध्ये माँट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधलेले सीईए हे रक्तातील प्रथिन. पाठपुराव्यात ते आजही तपासले जाते, परंतु धूम्रपानानेही ते वाढते आणि रोग उलटलेल्या कित्येक रुग्णांत ते वाढतच नाही. गेल्या दशकात त्याच्या जोडीला अधिक नेमके साधन आले. मरणाऱ्या कर्कपेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि गाठीत आढळलेले जनुकीय बदल त्या तुकड्यांत सापडले, तर ते तुकडे उरलेल्या कर्कपेशींचेच असले पाहिजेत, हे त्यामागील तत्त्व. ऑस्ट्रेलियातील जीन टाय यांच्या गटाने २०१६ मध्ये दुसऱ्या अवस्थेच्या, केमोथेरपी न घेतलेल्या १७८ रुग्णांची माहिती दिली. शस्त्रक्रियेनंतर ज्या १४ जणांच्या रक्तात असे डीएनए सापडले, त्यांतील ११ जणांचा रोग उलटला. याच गटाच्या डायनॅमिक या पुढील चाचणीत ४५५ रुग्ण होते आणि काहींचा निर्णय या रक्ततपासणीवर सोपवण्यात आला. २०२२ मधील निष्कर्षांनुसार नेहमीच्या पद्धतीत २८ टक्के रुग्णांना केमोथेरपी मिळाली, तर तपासणीनुसार निर्णय झालेल्यांत १५ टक्क्यांना, आणि दोन वर्षांनंतर रोग न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे ९२-९३ टक्क्यांच्या आसपास राहिले.

केमोथेरपी घेणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणणारी ही चाचणी मोलाची आहे, पण २०१६ च्या आकड्यांची दुसरी बाजू तितक्याच काळजीने वाचायला हवी. ज्या १६४ रुग्णांच्या रक्तात काही सापडले नाही त्यांतील १६ जणांचा रोगही उलटला. म्हणजे एकूण २७ जणांपैकी ११ जणांना तपासणीने आधी पकडले आणि १६ तिच्या हातून निसटले. ‘पॉझिटिव्ह’ हा निकाल जवळजवळ निदानासारखा आहे आणि ‘निगेटिव्ह’ हा निकाल मात्र दिलाशापलीकडे जात नाही. तिसऱ्या अवस्थेत तर आणखी एक अडचण पुढे आली. तपासणी पॉझिटिव्ह आलेल्यांना नेहमीपेक्षा तीव्र केमोथेरपी देऊन पाहिल्यावरही अपेक्षित लाभ दिसला नाही. धोका अचूक कळणे आणि त्यावर उपाय हाती असणे यांत अजून अंतर आहे.

वेगवेगळ्या खुणा एकत्र करून एका रुग्णासाठी टक्केवारी काढणारे गणकही आता उपलब्ध आहेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील मार्टिन वाइझर यांच्या गटाने २००८ मध्ये तेथील १३२० रुग्णांच्या आधारे असा आलेख-गणक प्रसिद्ध केला आणि पुढे त्यात डीएनए-दुरुस्तीच्या दोषासारख्या खुणांची भर घातली. अशा साधनाची परीक्षा दोन कसोट्यांवर होते. दोन रुग्णांपैकी ज्याचा रोग आधी उलटला त्याचा धोका गणकाने अधिक सांगितला होता काय, ही पहिली. नाणेफेकीला या कसोटीत ०.५ गुण मिळतात, परिपूर्ण साधनाला १, आणि या गणकाला ०.७७ मिळाले होते. दुसरी कसोटी अधिक व्यावहारिक आहे : ज्या शंभर जणांना वीस टक्के धोका सांगितला, त्यांतील सुमारे वीस जणांचाच रोग उलटला काय? एका देशात या कसोटीला उतरलेला गणक दुसऱ्या देशात उतरेलच असे नाही, आणि कोणत्याही गणकाची टक्केवारी त्या रुग्णासारख्या शंभर जणांविषयी बोलते. समोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत रोग एक तर उलटतो किंवा उलटत नाही.

एका देशातला गणक दुसऱ्या देशात उतरेलच असे नाही, हा मुद्दा भारतीय वाचकासाठी कळीचा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत होते, आणि पाश्चात्त्य देशांत जेमतेम शेकडा एक इतका आढळणारा मुद्रिकापेशींचा आक्रमक प्रकार तेथे कितीतरी अधिक होता. या प्रकारात पेशीत श्लेष्मा साचून केंद्रक कडेला ढकलले जाते आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. न्यूयॉर्कमधील वृद्ध रुग्णांवर बेतलेला गणक अशा तरुण रुग्णाला लावताना तो येथे पारखून घेणे भाग आहे आणि त्यासाठी येथील आकडे हवेत. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत, त्यामुळे या कामाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मात्र अशा नोंदण्या मुख्यतः निदान आणि मृत्यू टिपतात. रोग केव्हा व कोठे उलटला याची नोंद रुग्णालयाच्या केसपेपरात राहते किंवा कोठेच राहत नाही.

पुनरुद्भवांपैकी सुमारे चार-पंचमांश पहिल्या तीन वर्षांत दिसतात आणि पाच वर्षांनंतर ते विरळ होतात, म्हणजे पाच वर्षांचा पाठपुरावा पूर्ण झाला तर बहुतेक उत्तर हाती येते. तो अपुरा राहतो तो बरे वाटू लागलेले रुग्ण तपासणीला येणे सोडतात म्हणून. आणि असे रुग्ण आकडेवारीत बरे झालेले म्हणून मोजता येत नाहीत, बेपत्ता म्हणून मोजावे लागतात. तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक वाचकाने आपला पॅथॉलॉजी अहवाल पूर्ण स्वरूपात मागून घ्यावा, त्यात किती नोड तपासले हे लिहिले आहे का ते पाहावे, तो जपून ठेवावा आणि प्रकृती ठणठणीत असली तरी पाचव्या वर्षीची तपासणी चुकवू नये. आणि रुग्णालयांनी त्या भेटीची तारीख व निष्कर्ष पुढील संशोधकाला सापडतील अशा रीतीने नोंदवून ठेवावेत.